चावलेली गोटी

अथेन्स, ६ नोव्हेंबर १८९०

प्रिय ताई,

सरकार पडलं आणि सरकारबरोबर मीही पडलो. तुझा भाऊ आता गृहखात्याचा कारकून नाही, गृहखात्यासमोरच्या बागेतला बेकार आहे. निवडणुकीत आपल्या पक्षाची खूण, ऑलिव्हची फांदी, पार मोडली, दोरीच्या खुणेचे विरोधक, दोरीवाले, आले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांना घरी पाठवलं. आमच्या खुर्च्यांवर त्यांचे मेहुणे आणि भाचे बसलेत. आम्ही समोरच्या बाकांवर बसून त्यांच्या खिडक्यांकडे बघतो. काही जण खरंच रडतात, म्हणून लोक या जागेला रडक्यांचा चौक म्हणतात. मी अजून रडलेलो नाही, पण बाकावर जागा धरून ठेवली आहे.

वेळ घालवायला एक काम काढलंय, हसू नकोस. जुन्या राजाला हाकलून आत्ताच्या राजेसाहेबांना आणलं, तेव्हापासून जेवढी मंत्रिमंडळं झाली त्या सगळ्यांचा इतिहास लिहितोय. एकेका पंतप्रधानाला एकेक प्रकरण. काही प्रकरणं अर्ध्या पानात आटपतात, कारण मंत्री शपथ घेऊन घरी जेवायला पोचेपर्यंत सरकार गेलेलं असतं.

दाजींची जकात नाक्यावरची नोकरी शाबूत आहे ना? आपले वार्साकोससाहेब मात्र संसदेवर निवडून आले, असं वाचलं. त्यांच्या चिठ्ठीवर मला खुर्ची मिळाली, दाजींना नाका, तुला शाळा. शिवाय तुमच्या लेनिओचे ते धर्मपिता. ते आहेत तोवर तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही.

तुझा,
थ्रासिवूलोस

मेसोपिर्गी, मानी
१२ डिसेंबर १८९०

थ्रासो,

केसाला नाही लागला. दाताला लागला.

खालच्या वाडीचा दिकेओस नवा जकातवाला म्हणून आला, बरोबर शिपाई घेऊन. तुझे दाजी म्हणाले, आधी सरकारचा कागद दाखव, मग किल्ल्या देतो. शिपायाने बंदुकीचा दस्ता दाखवला. समोरचा वरचा दात अर्धा तुटला आणि उरलेला तिरका राहिला. हे हसले की लेनिओ घाबरते, म्हणून हसायचंच सोडलंय. माझ्या शाळेला कुलूप. नवी बाई येणार म्हणे. इतक्या लांब कोण येतंय मरायला!

वार्साकोस येऊन गेले. लेनिओला साखरबदाम आणि यांना नवी बंदूक. बदाम संपले, बंदूक आहे. आमच्या नणंदबाई पोतित्सा भावाचं तोंड बघतात आणि म्हणतात, "माझ्या भावाचा दात कुणाकडे आहे ते मला ठाऊक आहे." हे म्हणाले, "गप बस, पोती, दातच आहे, मान नाही." तर म्हणते, "आज दात."

मी कालामाताच्या बाजारपेठेत वाढले. मला वाटायचं, मानीतल्या या माणसांच्या गोष्टी लोक तिखटमीठ लावून सांगतात. लावत नाहीत रे. उलट निम्म्या गिळून टाकतात.

तू इतिहास लिही. बसून करायचं काम आहे, कुठे लागत नाही.

तुझी ताई,
स्ताव्रूला

अथेन्स, २० जून १८९२

प्रिय ताई,

मी पुन्हा खुर्चीवर! फेब्रुवारीत राजेसाहेबांनी दोरीवाल्यांचं मंत्रिमंडळ काढून टाकलं, मध्ये कुणी तात्पुरते येऊन गेले, त्यांचं प्रकरण पानभर झालं, आणि निवडणुकीत आपण असे आलो की विचारू नकोस. कॉफीच्या दुकानाच्या मालकाने माझी उधारी हसत हसत पुढे ढकलली, यावरून काय ते समज.

माझ्या खुर्चीवरचा दोरीवाला आता बागेत माझ्याच बाकावर बसतो. मी खिडकीतून टोपी उचलून नमस्कार केला, त्यानेही केला. इथे सगळं कसं सभ्यपणे होतं. यालाच संसदीय राज्य म्हणतात, ताई. राजा असतो, पण लोक सरकार बदलतात, आणि कुणाचं रक्त सांडत नाही. प्रस्तावनेत मी हेच वाक्य घालणार आहे.

दाजी नाक्यावर परत गेले का? तुझी शाळा उघडली?

थ्रासो

मेसोपिर्गी, ९ जुलै १८९२

थ्रासो,

शाळा उघडली. हे नाक्यावर परत गेले. कसे गेले ते लिहिते, म्हणजे प्रस्तावनेच्या कामाला येईल.

निकाल कळला त्या दुपारी वार्साकोसची माणसं यांना मिरवत धक्क्यावर घेऊन गेली. त्यांचा पुतण्या सर्वांत पुढे. मीही गेले होते, खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला होता. दिकेओस नाक्याच्या दारात उभा होता. किल्ल्या त्याने आधीच हातात काढून ठेवल्या होत्या. "घे लिगोरिस, तुझं तुला," म्हणाला आणि किल्ल्या पुढे केल्या. यांनी घेतल्या. मग पुतण्याने त्याच्या पोटात गोळी घातली.

पोटातली गोळी लगेच मारत नाही. ऊन उतरेपर्यंत तो जाळ्यांच्या ढिगावर पडून होता. त्याच्या बायकोने एप्रन दाबून धरला, मग दुसरा, मग स्वतःचा रुमाल. तो पाणी मागत होता. मी घागर उचलली तर पुतण्या म्हणाला, "मास्तरीणबाई, ती खाली ठेवा." मी ठेवली. एवढ्या लोकांत एकानेही दिलं नाही. हे तिथेच उभे, किल्ल्या हाताला चिकटल्यासारख्या. घरी आल्यावर मी त्या राखेने घासल्या.

पोतित्सा त्या रात्री जेवली. हे जेवले नाहीत. दातासाठी माणूस मारतात का, असं मला विचारत होते.

हे तुझ्या कुठल्या प्रकरणात बसतं, ते कळव.

स्ताव्रूला

अथेन्स, १० फेब्रुवारी १८९५

प्रिय ताई,

मधली दोन वर्षं माझी पत्रं कमी आणि कोरडी गेली, हे कबूल. मी एकदा बाकावर गेलो, एकदा परत आलो, राज्याचं दिवाळं वाजलं, आणि माझा इतिहास जाडजूड झाला. आता पुन्हा सरकार पडलंय. एप्रिलमध्ये निवडणूक, आणि या वेळी दोरीवाले येणार हे इथली मांजरंसुद्धा जाणतात.

ताई, मला बाकावर परत जायचं नाही. मी चौतीस वर्षांचा आहे. आर्गिरोच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलंय, बागेत बसणाऱ्याला मुलगी देणार नाही. आमच्यातला एक दोरीवाला हेडक्लार्क भला माणूस आहे. तो म्हणतो, "तू वार्साकोसचा माणूस म्हणून तुझं नाव यादीत आहे. तुझ्या घरचं मत त्याच्या विरोधात पडेल असा शब्द दे, नाव खोडतो." मी शब्द दिला.

दाजींना सांग, फक्त एकदा. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पांढरा खण होकाराचा, काळा नकाराचा; वार्साकोसच्या पेटीत उजवीकडच्या पांढऱ्या खणाऐवजी डावीकडच्या काळ्यात मताची शिशाची गोटी टाकायची. कुणाला कळणार? नळीत कोपरापर्यंत हात जातो, आत कापड लावलेलं, आवाजसुद्धा येत नाही. त्या पेट्या कशा बनवायच्या याचे नियम माझ्याच टेबलावरून जातात. हात डावीकडे गेला की उजवीकडे, ते फक्त त्या हातालाच माहीत असतं.

तुझा लाडका,
थ्रासो

मेसोपिर्गी, ३ मार्च १८९५

थ्रासो,

तुला वाटतं तेवढं हे एक मत नाही. वार्साकोसने बाप्तिस्म्याला आमची मुलगी तेलात बुडवून काढली, तेव्हापासून आम्ही सगळेच त्याच्या मुठीत आहोत. इथे धर्मपित्याशी बेइमानी केली तर लोक थुंकत नाहीत, सरळ मारतात.

तरी तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं, कारण इथेही काही घडलंय. दोरीवाल्यांकडून आमचा डॉक्टर उभा आहे, लेनिओच्या वेळी ज्याने मला वाचवलं तोच. वार्साकोस मागच्या आठवड्यात ओसरीवर बसून लुपिनाच्या शेंगा सोलत, लेकीच्या धर्मपित्याच्या नात्याने यांना म्हणाले, "कुंबारे, डॉक्टर रात्रीबेरात्री खेचरावरून फिरतो. एखादे दिवशी तो तुला रस्त्यात भेटायला हवा." हे म्हणाले, "बघू." ते गेल्यावर यांनी उरलेल्या शेंगा उकिरड्यावर फेकल्या.

तुझं पत्र यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ते नळीचं परत वाच." मी वाचलं. "हा पडला तर पुढे कुणाला मारायला सांगणार नाही," एवढंच बोलले आणि लाकडं फोडायला गेले.

मी तुला हो म्हणत नाहीये. नाहीही म्हणत नाही.

स्ताव्रूला

मेसोपिर्गी, २० एप्रिल १८९५

थ्रासो,

हे पत्र उभ्याने वाच आणि तसाच निघ.

मतदान चर्चमध्ये झालं. वार्साकोसच्या पेटीमागे पुतण्या बसला होता. यांनी गोटी घेतली, तोंडात धरली, चावली, नळीत हात घातला आणि डावीकडे टाकली. थ्रासो, चावली! आपल्या माणसाला मत देताना गोटी चावून टाकायची, शिशावर दात उमटवायचा, म्हणजे मोजताना दिसतं की मत इमानाने दिलंय. तू अथेन्सात राहून विसरलास, मी बायकांत राहून विसरले. मी विचारलं, "चावलीत कशाला?" हे म्हणाले, "मी नाही चावली. तोंडाने चावली. मिशी फुटल्यापासून त्याच पेटीत चावून टाकतोय, हाताला सांगून ठेवलं होतं, तोंडाला सांगायचं राहिलं."

पेटी उघडली. काळ्या खणात इतर गोट्या गुळगुळीत, एक चावलेली, आणि तिच्यावर अर्ध्या तिरक्या दाताची खूण. सगळ्या मानीत तसा दात एकच. मोजणीच्या टेबलावरच पुतण्याने ती गोटी उचलून सगळ्यांना फिरवून दाखवली.

वार्साकोस निवडून आले. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवत असताना पुतण्या आला, जळत्या चुलीपाशी उभा राहिला आणि गोटी यांच्या ताटात टाकून गेला. तेव्हापासून हे घराबाहेर पडलेले नाहीत. खिडक्यांना दगड लावलेत. पोतित्सा बंदूक घेऊन जिन्यावर बसते. काल आमच्या खेचराचे चारही पाय कुणीतरी तोडून ते जिवंत दारात टाकलं. यांनी ते घरातूनच गोळी घालून संपवलं, तर लेनिओला वाटलं बापच मेला.

वार्साकोस अथेन्सला गेलेत. तू त्यांच्याकडे जा. पाय धर. आणि हे सांग की शब्द तू दिला होतास, पत्र तू लिहिलं होतंस, तुझ्या खुर्चीसाठी झालं हे. इथे खरं कारण कळलं तर कधी कधी माफी मिळते. ते तुझ्यावर रागावतील, पण अथेन्सात तुला कुणी गोळी घालणार नाही.

ताई

अथेन्स, २ मे १८९५

प्रिय ताई,

काळजी सोड. साहेबांना भेटलो. इतक्या आपुलकीने वागले की मलाच लाजल्यासारखं झालं. कॉफी आली, वाटीतून मुरंबा आला. म्हणाले, "थ्रासिवूलोस, निवडणुकीच्या गोष्टी निवडणुकीबरोबर संपतात. लिगोरिस माझ्या लेकीचा बाप आहे. रविवारी प्रार्थना सुटल्यावर त्याने रीतीप्रमाणे येऊन माफी मागावी, माझा पुतण्या माझ्या वतीने त्याला उठवून मुका घेईल. प्रकरण मिटलं." मोठी माणसं अशी असतात, ताई.

तेव्हा दाजींना जाऊ दे. रीतीप्रमाणे म्हणजे रिकाम्या हाताने, हे तुला माहीतच आहे. बंदूक नेली तर सगळा विचका होईल.

माझी नोकरी टिकली. आर्गिरोच्या घरी साखरपुड्याचं बोलणं सुरू आहे.

थ्रासो

मेसोपिर्गी, १५ मे १८९५

थ्रासिवूलोस,

हे रविवारी गेले. कमरेचा सुरा पोतित्साच्या हातात दिला, टोपी काढली. प्रार्थना सुटली तसे लोक अंगणात अर्धगोलात उभे राहिले. हे पायरीपाशी गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "चुकलो, क्षमा कर." इथे माफी मागायला आलेल्याला आजवर कुणी हात लावलेला नाही. आमच्यासारख्या गावातही नाही.

पुतण्या पुढे आला. त्याने यांची हनुवटी धरून वर केली. मला वाटलं, आता मुका घेणार. तो म्हणाला, "दात दाखव, कुंबारे." यांनी तोंड उघडलं. त्याने पिस्तूल तोंडात घालून झाडलं.

मी आणि पोतित्साने फरशीवरून दात वेचले. तो तिरका सापडला नाही.

मला एकच सांग. तू साहेबांना सांगितलं होतंस ना, की ते पत्र तुझं होतं?

स्ताव्रूला

अथेन्स, ८ जुलै १८९५

ताई,

किती वेळा लिहायला बसलो आणि फाडलं. मी रात्रंदिवस रडतोय. तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. त्या दिवशी साहेबांकडे चार मंडळी बसली होती. सगळ्यांसमोर बोलता आलं नाही. ते स्वतःच इतके गोड बोलत होते की मला वाटलं, गरजच उरली नाही.

त्यांना फार वाईट वाटलं. म्हणतात, पुतण्या तापट निघाला, त्याला अलेक्झांड्रियाला धाडलंय.

आता एक बातमी देतो, ती तुला माझ्याकडूनच कळावी. वार्साकोससाहेब दोरीवाल्यांना जाऊन मिळाले. भर संसदेत उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले, टाळ्या पडल्या. त्यांना मंत्रिपद मिळणार आहे, महिन्याभरात शपथ. त्याआधी ते गावी येतील. तुझी शाळा कायम करायचं त्यांनी कबूल केलंय, लेनिओला हुंडाही देणार आहेत. माझी जागा आता त्यांच्याच शब्दावर आहे. ताई, गेलेलं माणूस परत येत नाही. लेनिओकडे बघ आणि ते आले की तोंड फिरवू नकोस. तिला त्यांच्या पाया पडू दे.

तुझा अभागी,
थ्रासो

मेसोपिर्गी, २ ऑगस्ट १८९५

थ्रासो,

तुझं ऐकलं. तोंड फिरवलं नाही.

यांनी एक गोटी डावीकडे टाकली, तर यांच्या तोंडात पिस्तूल घातलं. वार्साकोस सगळ्या गावाची मतं खिशात घालून डावीकडे जाऊन बसले, तर त्यांना टाळ्या. तुझं पत्र मी पोतित्साला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते टाळ्यांचं परत वाच." भावंडंच ती.

यांच्या ताटात टाकलेली गोटी मी मिठाच्या बरणीत ठेवली होती. ती काढली. यांची शिसं वितळवायची पळी होती, गोळ्या ओतायचा साचा होता. चुलीवर मीच धरली. पोतित्सा म्हणाली, "तुम्ही शहरातल्या, तुम्हाला जमायचं नाही." जमलं. गोटी कडेने विरघळत गेली, दाताची खूण सर्वांत शेवटी. मग साच्यात ओतली.

वार्साकोस मंगळवारी होडीने आले. गावाने गच्च्यांवरून बंदुका झाडून त्यांचं स्वागत केलं, घराघरातून, मिनिटभरही खंड नाही. दिकेओसची विधवासुद्धा दारात उभी होती. मी काळ्या कपड्यांत पुढे गेले. लेनिओला डॉक्टरच्या घरी ठेवलं होतं. "माझी लेक कुठे?" म्हणाले. मी म्हटलं, "तापाने पडली आहे." माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तरीणबाई, सप्टेंबरपासून शाळा तुमची. मी असताना या घराच्या केसाला..." तेवढंच झालं. चर्चच्या त्याच पायरीवर बसले, बसून आडवे झाले. गोळी गळ्यातून गेली होती. वर बार चालूच होते, म्हणून लोकांना कळायलाही वेळ लागला. ते माझ्याकडे बघत पाणी मागत होते बहुतेक. ओठ तसे हलत होते. माझ्या पायाशी घागर होती. मी ती उचलली नाही.

मला बरं वाटलं नाही, थ्रासो. वाटेल असं वाटलं होतं. पोतित्सा मात्र त्या रात्री भावाच्या थडग्यावर जाऊन पहिल्यांदा रडली.

शिपाई येऊन गेले. सगळ्या गावाच्या बंदुका गरम होत्या, त्यांनी कुणाकुणाला धरायचं? कुणी काही पाहिलं नाही. दिकेओसच्या बायकोने शिपायांना सांगितलं, पोतित्सा सबंध वेळ तिच्या शेजारी उभी होती.

तुझ्या इतिहासात वार्साकोसचं नाव येणार नाही, कारण शपथ घ्यायची राहिली. तुझ्या दाजींचंही येणार नाही आणि दिकेओसचंही नाही. तुझी प्रस्तावना आहे तशी राहू दे, चांगली आहे.

ओतली मी, झाडली पोतित्साने. हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आता तुलाही माहीत झालं. तू गृहखात्यात आहेस, नवीन मंत्र्यांना हा कागद नेऊन दिलास तर खुर्ची जन्मभराची होईल. नाही तर तुझ्या खोलीत शेगडी असेलच. कोणी बघत नाहीये. हात डावीकडे गेला की उजवीकडे, ते फक्त त्या हातालाच माहीत असतं.

ताई